जुन्या शहराचा विकास आराखडा : हरकत कोणी, कधी आणि कशी नोंदवायची

"कागदच नाही ना हो आमच्याकडं." प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जागा रस्त्याला आणि कुठली मैदानाला हे दाखवणारा कच्चा नकाशा, जाहीर झाला की हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल माझं. अर्ज लिहून देतो, नकाशा वाचून दाखवतो. मराठवाड्यातल्या एका शहरात बसतो, नाव मुद्दाम लिहीत नाही. पण संभाजीनगरचं गुलमंडी-शहागंज घ्या, लातूरची गंजगोलाई घ्या, नांदेडचा गुरुद्वाऱ्याभोवतीचा जुना भाग घ्या, गोष्ट तीच. नकाशावर आपल्या घरावरून रस्त्याची लाल रेघ गेलेली दिसली की माणसं आजोबांची पेटी उघडतात, मालकीचा कागद शोधत भूमी अभिलेखच्या पायऱ्या झिजवतात, आणि कागद हातात पडेपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते.

म्हणून सगळ्यात आधी हे वाचा. हरकत नोंदवायला मालकीचा कागद लागत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा यामागचा कायदा. कलम 26 प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, कलम 28 प्रमाणे त्यावर हरकती-सूचना घेतल्या जातात. त्यात शब्द आहे "कोणतीही व्यक्ती". मालक, खातेदार, करदाता असलं काही नाही. पगडीचं दुकान चालवणारा, भाड्याच्या खोलीत चाळीस वर्षं काढलेली बाई, गल्लीच्या तोंडाशी भाजीची पाटी लावणारी, देवस्थानाचे किंवा मशिदीचे विश्वस्त, सगळे चालतात. अंगावर रेघ आलेली नसली तरी चालतं. समोरच्या मैदानाचं आरक्षण (जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं) उठवून तिथं दुकानं दाखवली असतील, तर त्या गल्लीतलं कुणीही हरकत घेऊ शकतं.

तरीही खिडकीवरचा माणूस "पीआर कार्ड लावलं का?" असं विचारतोच, म्हणजे नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक. वाद घालू नका. "सुनावणीला आणतो" म्हणा. कलम 28 मध्येच लिहिलंय की हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडायची आणि कागद असल्यास ते हजर करायची वाजवी संधी द्यायची. म्हणजे कागद नंतर दाखवता येतो. गेलेली तारीख मात्र परत मिळत नाही.

आता त्या तारखेबद्दल. मुदत 30 दिवस, आणि ती मोजायची शासन राजपत्रातल्या नोटिशीच्या तारखेपासून. तुम्ही पेपरात बातमी वाचलीत तो दिवस धरायचा नाही. नगरसेवकानं व्हॉट्सॲपवर नकाशा टाकला तो दिवस तर नाहीच नाही. समजा राजपत्रात नोटीस 5 मार्चला आली आणि पेपरातली जाहिरात तुम्ही 9 मार्चला पाहिली. तुमच्या हिशोबानं 8 एप्रिल, कायद्याच्या हिशोबानं 4 एप्रिल. या चार दिवसांत माणसांची संधी गेलेली मी पाहिली आहे. एक शिंपीकाका 6 तारखेला अर्ज घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आवक विभागानं घेतला अर्ज, शिक्काही मारला. पण मुदतीनंतरच्या गठ्ठ्यात गेला तो गेला. कधीकधी मुदत वाढते. वाढेल या भरवशावर बसलेल्यांचीच रांग शेवटच्या दिवशी जिन्यापर्यंत येते.

मग आपल्याकडं "कागद नाही" म्हणजे नेमकं काय नसतं? सुनावणीसाठी आणि पुढं भरपाईसाठी तो लागणार आहेच, म्हणून सांगतो. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं जुन्या वस्तीतले खरेदीचे बैनामे उर्दूत, काही मोडी लिपीत. ज्यानं वाचून दाखवावेत ते आजोबा फोटोत. दुसरा प्रकार पीआर कार्डाचा. ते काढलं तर त्यावर नाव असतं 1970 साली वारलेल्या पणजोबांचं, आणि वाटेकरी तेवीस. तिसरा प्रकार, जागा इनामाची किंवा वक्फची. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरला पाणचक्कीजवळ आहे. तिथल्या नोंदीत आपली गल्ली आहे हे पुष्कळांना आराखडा आल्यावर पहिल्यांदा कळतं.

घाबरायचं कारण नाही. उर्दू कागदाचं मराठी भाषांतर करून घ्या, भाषांतर करणाऱ्याची नाव-पत्त्यासह सही घ्या आणि मूळ कागदाची झेरॉक्स त्याला जोडा. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, साहेबांनी मागितली तरी फक्त दाखवा. वारस नोंद राहिली असेल तर आजच अर्ज टाका आणि त्या अर्जाची पोच हरकतीला लावा. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, पण तुम्ही तिथं राहता एवढं ती सांगते, आणि हरकतीला तेवढं खूप झालं. लाइटबिल, भाडेपावती, दुकानाचं लायसन, जे असेल ते. सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्यांसाठी तर अजिबात थांबू नका. पुण्यातल्या चुलत्याची सही येईपर्यंत मुदत जाते, एकट्यानं द्या.

नकाशा नगररचना विभागात लावलेला असतो, प्रत विकत मिळते. मोबाईलवर आलेला फोटो बघून हरकत लिहू नका. नकाशाच्या खाली प्रमाण लिहिलेलं असतं. ते 1:4000 असेल तर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचे चार मीटर. रेघेची नुसती जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी दोन मीटर झाले, म्हणजे जुन्या वाड्याची अख्खी ओसरी. रेघ ओसरीच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे डोळ्यांनी ठरत नाही. तुमचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, सांगून त्या शीटचा भाग नकाशा मागा.

आणखी दोन गोष्टी बघा, ज्या कुणी बघत नाही. एक, विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे आज जागेवर काय आहे ते दाखवणारा. आराखडा त्याच्यावर बेतलेला असतो. त्यात तुमचं तीन मजली घर "मोकळी जागा" म्हणून रंगवलेलं असेल, तर वर पार्किंगचं आरक्षण पडणारच. अशा वेळी आरक्षणावर हरकत घ्याच, पण मूळ चूक भूवापर नकाशात आहे हे पहिल्या ओळीत लिहा. घराचा फोटो आणि जुनं बिल जोडा. दुसरी गोष्ट दाट वस्तीची हद्द. ही नकाशावरची एक तुटक रेघ, पण पैसा तिथं आहे. रस्त्यात गेलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेतला तर दाट वस्तीच्या हद्दीत तो तिप्पट मिळतो, हद्दीबाहेर दुप्पट. जुनी गल्ली चुकून हद्दीबाहेर टाकली गेली असेल आणि तुम्ही फक्त रुंदीकरणावर भांडत बसलात, तर पुढं बदल्यातसुद्धा कमी मिळेल.

आता अर्जात लिहायचं काय. दहापैकी आठ अर्ज असे येतात : "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत असून आमच्यावर अन्याय होत आहे, तरी साहेबांनी न्याय द्यावा." खरं आहे हो, पण सुनावणी घेणाऱ्या समितीनं यावर करायचं काय? गेल्या खेपेला एक मावशी आल्या. असंच लिहून आणलं होतं, चार पानं. मी म्हटलं, "मावशी, टेप आहे का घरात?" गेलो दोघं, त्यांच्या नातवानं टेपचं दुसरं टोक धरलं, खडूनं खुणा केल्या. रस्ता जागेवर भरला नऊ मीटर. आराखड्यात पंधरा. वाढणारे सहाच्या सहा मीटर एकाच बाजूनं, मावशींच्या बाजूनं घेतलेले. मग अर्ज झाला पाच ओळींचा : शीट क्रमांक, सीटीएस नंबर, सध्याची रुंदी नऊ मीटर, प्रस्तावित पंधरा, सहा मीटर फक्त उत्तरेकडून घेतलेले आहेत, ते दोन्ही बाजूंनी तीन-तीन घ्यावेत. मावशी कागदाकडं बघत म्हणाल्या, "अन्यायाचं काहीच लिवना गेलास की रे बाबा." लिहिलं होतं मावशी, मीटरमध्ये.

अर्जाच्या शेवटी "मला समक्ष सुनावणी द्यावी" ही ओळ टाका. छापील अर्जावर गल्लीतल्या दोनशे जणांनी सह्या करायची पद्धत आहे. ताकद दिसते, मान्य. पण सुनावणीचं पत्र बहुतेकदा पहिल्या सहीवाल्याच्या नावानं निघतं, आणि तो नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. सामूहिक अर्ज द्याच, सोबत आपापला एकेक वेगळाही द्या.

अर्ज द्यायचा दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवा तिथं, मारतो नंतर" हे उत्तर मी स्वतः ऐकलंय आणि मूर्खासारखं मानलंय. सुनावणीच्या यादीत नाव नव्हतं, दाखवायला पोच नव्हती, विषय संपला. शिक्क्याची शाई वाळली असेल तर थांबा. साहेब जेवायला गेले असतील तर थांबा. नोटिशीत ईमेलची सोय दिली असेल तर तिकडंही पाठवा, पण कागद सोडू नका.

सुनावणी नियोजन समितीपुढं होते. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेकडो अर्ज असले की प्रत्येकाला मिळतात तीन-चार मिनिटं. त्यात घराण्याचा इतिहास सांगू नका. भाग नकाशावर बोट ठेवा, मोजमाप सांगा, पर्याय सांगा, कागदांचा संच द्या आणि त्याचीही पोच घ्या. जाता येणार नसेल तर मुलाला अधिकारपत्र देऊन पाठवा. गैरहजर राहिलात तर तुमच्या हरकतीपुढं तेवढाच एक शब्द लिहिला जातो.

समितीचा अहवाल, महापालिकेचे बदल, मग आराखडा शासनाकडं मंजुरीला. शासनानं मोठे बदल सुचवले तर त्या बदलांपुरत्या पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही दुसरी नोटीस सगळ्यांच्या नजरेतून सुटते, कारण तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि लोकांना वाटतं मिटलं प्रकरण. पहिल्या फेरीत वाचलेलं घर या फेरीत रेघेखाली येऊ शकतं. दरम्यान घर पाडून बांधायचा विचार असेल तर थांबून चौकशी करा. प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून बांधकाम परवानगी देताना त्याचा विचार करणं पालिकेवर बंधनकारक आहे, त्यामुळं प्रारूपाला छेद जाणारा नकाशा अडकतो.

हरकत फेटाळली आणि आराखडा मंजूर झाला, तर पुढची खिडकी कलम 127 ची. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे "जागा आता विकत घ्या" अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. इथं मात्र मालकी सिद्ध करावीच लागते, सूचनेसोबत हक्काचे कागद जोडावे लागतात. म्हणजे ज्या कागदासाठी हरकतीची मुदत घालवायची नव्हती, तो मिळवायला आता दहा वर्षं हातात आहेत. वारस नोंदीचा अर्ज आधी टाका. आणि मधल्या काळात पत्ता बदललात तर नगररचना विभागाला लेखी कळवा, पोच घेऊन.