जुनी शिडाची बोट घेताय? आधी लॉकरमध्ये डोकं घाला

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "अठ्ठावीस फुटी बोट बघितलीय, चाळीस वर्षं जुनी, पण एकदम चकाचक. घेऊ का?" फोनवर याचं उत्तर देता येत नाही. 'चकाचक' म्हटलं की मात्र आम्ही सावध होतो. जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, पॉलिश मारायला दोन माणसं आणि दोन दिवस पुरतात. बांधणी जशी असेल तशीच राहते.

आम्हाला तपासणीला बोलावण्याआधी तुम्ही स्वतः काय काय बघू शकता, ते या पत्रकात दिलं आहे. निम्म्या बोटी तुम्हीच नाकाराल आणि आमची फी वाचेल. आमचं नुकसान आहे, पण कुजक्या डेकवर उभं राहून गिऱ्हाइकाचा पडलेला चेहरा बघण्यापेक्षा हे बरं.

वयाला घाबरू नका. १९६०-७०च्या दशकात फायबर नवं होतं. किती जाडी पुरेल याचा नीट अंदाज नसल्याने अनेक कारखान्यांनी थरावर थर चढवले. त्यातल्या कित्येक बोटींचा सांगाडा आजही ठणठणीत आहे. उलट नंतरची एखादी बोट दिसायला देखणी, पण लाटेवर आपटली की कुरकुरणारी निघते.

कारखान्याची खरी ओळख गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे पटते. बॅटरी घ्या, गाद्या उचला, लॉकरमध्ये कमरेपर्यंत आत वाका. फायबर एकसारखं, रेझिन (धागे घट्ट धरणारी राळ) पिऊन गडद झालेलं दिसतंय, की मध्येमध्ये पांढरट कोरडे चट्टे आहेत? हाताला काचेचे धागे टोचतात का? प्लायवूडच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्यात की उघड्याच सोडल्यात? केबिनमधल्या आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, बोटीच्या अंगाला फायबरच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. चांगला कारागीर ही पट्टी दोन्ही बाजूंनी आणि शक्य तितकी सलग फिरवतो. पट्टीच्या कडेला नख घालून बघा. ती सुटून आली तर शीड भरल्यावर बोट पिळवटत असणार. केबिनचं दार एरवी नीट लागतं आणि डोलकाठीच्या तारा ताणल्या की अडकतं, हेही त्याचंच लक्षण.

आतून वर बघा. डेक आणि बोटीचं अंग जिथे जुळतं तो सांधा आरपार बोल्ट आणि नटांनी आवळलेला असेल तर उत्तम. नुसते स्क्रू असतील तर भाव करताना ते लक्षात ठेवा. सांध्याखाली गंजाचे तपकिरी ओघळ दिसले, तर पाणी कुठून येतंय ते विचारायची गरज नाही.

आता डेक. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. बहुतेक डेक सँडविचसारखे असतात: वरखाली फायबर, मध्ये बाल्साचं लाकूड किंवा फोम. लाकडाचा गाभा म्हणजे कमअस्सल, असं मुळीच नाही. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली बोट लाकडाच्या पट्ट्यांवर फायबर चढवूनच केलेली आहे. दोष पुढच्या मालकाच्या ड्रिल मशीनमध्ये असतो. क्लीट (दोर बांधायची खुंटी) बसवायला भोक पाडलं, स्क्रू मारला, भोकाच्या कडा बंद केल्याच नाहीत. मग पाणी आत उतरतं आणि गाभा वर्षानुवर्षं कुजत राहतो.

गेल्या सीझनला एका बोटीचा डेक नवाकोरा रंगवलेला होता. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने ठोकत गेलो: टक, टक, टक, आणि पुढच्या क्लीटजवळ एकदम 'ढप'. मालकाला विचारून एक स्क्रू काढला. भोकातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि बराच वेळ येत राहिलं. दीड फुटाच्या परिघात गाभ्याचा लगदा झाला होता. रंग मात्र सुंदर होता, खोटं कशाला बोला.

तुम्हीही असंच ठोकत जा, विशेषतः क्लीट, रेलिंगचे खांब आणि डोलकाठीभोवती.

डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या चेनप्लेट डेकमधून आत जातात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर पातळ थर धरतो म्हणून. डेकच्या जाडीत, ओल्या सीलंटमध्ये, हवाच नसते. तिथे ते गुपचूप खड्डे पडत खंगतं. वरून आरसा, आत चाळण. निदान एक पट्टी बाहेर काढून बघितल्याशिवाय आम्ही शेरा देत नाही. तारांचं वय विचारा. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा धरा. आपल्या खाऱ्या हवेत आम्ही दहाच धरतो.

तळ बघायला क्रेनच हवी असं नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात कोरलेली मराठ्यांच्या काळची गोदी आहे. भरतीला जहाज आत, ओहोटीला तळ मोकळा. अलिबागकडे मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, मालवणकडे साधारण दोन-अडीच मीटर. बोट उथळ कीलची, म्हणजे तळाखालचा कणा फार खोल नसलेली, असेल तर सपाट वाळूवर आधार देऊन हेच जमतं. ही कील (आपले सुतार तिला पठाण म्हणतात) बोल्टने लावलेली असेल तर तिचा पुढचा सांधा बघा. तिथे हसल्यासारखी वाकडी भेग असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा बोट कधीतरी खडकावर आपटली आहे. बोट वर काढून दोन दिवस झाले तरी सुकाणूतून थेंब पडत असतील तर त्याच्या आतलं लोखंडकाम संशयास्पद.

तळावरच्या फोडांना लोक नको इतके घाबरतात. फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येतो, जेलकोटमागे पाणी शिरल्याची ती खूण. मोजके फोड दुरुस्त होतात. बोट त्यांनी बुडत नाही. पाणी आत घेणाऱ्या झडपा, म्हणजे सीकॉक, मात्र खरवडून बघा. पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते हाताने तुटेल.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. शिडांची शिवण कापडाच्या आधी जाते, ती बोटाने ओढून बघा.

शेवटचं, आणि हे कोणी विक्रेता सांगणार नाही: शक्य असेल तर बोट जुलैत बघा. थंडीत सगळ्याच बोटी कोरड्या असतात. पावसात, शाकारलेलं ताडपत्रीचं आच्छादन तासभर बाजूला करून केबिनमध्ये बसलं की कुठून ठिपकतं ते आपोआप कळतं. मागचे पावसाळे बोटीने शेडमध्ये काढले की उघड्यावर, हेही तिथल्या खलाशाला विचारा, मालकाला नव्हे.

आमची फी बोट घेणाऱ्याकडून ठरते, विकणाऱ्याकडून आम्ही कमिशन घेत नाही. तपासणीला एक संपूर्ण ओहोटी लागते. येण्याआधी मालकाकडून लेखी परवानगी तेवढी आणा: डेकवरचे चार स्क्रू आणि एक चेनप्लेट काढायची.