५६०० आणि ५६००जी : पुढे वाढवत न्यायच्या गेमिंग संगणकासाठी कोणता प्रोसेसर?

कमी खर्चात गेमिंगचा संगणक जोडून घ्यायचा आणि हातात पैसे येतील तसा तो वाढवत न्यायचा, असे ठरवून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील एखादा विद्यार्थी दुकानात कोटेशन मागायला जातो, तेव्हा एएम४ सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) कागदावर एएमडी कंपनीची दोन नावे अनेकदा एकाखाली एक दिसतात : रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे, दोन्ही झेन ३ रचनेचे, दोन्हींचा टीडीपी (थंड ठेवण्यासाठी धरायची उष्णता) ६५ वॅट, दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आणि दोन्ही एकाच मदरबोर्डवर बसणारे. एवढे साम्य पाहिल्यावर ‘जी म्हणजे तोच प्रोसेसर, फक्त आत ग्राफिक्स जास्तीचे’ असा अर्थ काढला जातो. तो अर्थ चुकीचा आहे, आणि पुढच्या अपग्रेडचे गणित बिघडते ते बहुतेक वेळा इथेच.

हा समज बहुधा इंटेलच्या प्रोसेसरांवरून आलेला असावा. कोअर आय५-१२४०० आणि १२४००एफ यांच्यात खरोखरच एवढाच फरक आहे : एफमध्ये ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो, बाकी कोअर, १८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) आणि पीसीआय एक्सप्रेसची जोडणी (ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरशी ज्या वाटेने बोलते ती) दोन्हींत सारखीच असते. एएमडीने मात्र इथे दोन निरनिराळ्या चिप एकाच क्रमांकाखाली विकल्या आहेत. ५६०० हा दोन तुकड्यांचा प्रोसेसर आहे. कोअरचा तुकडा ७ नॅनोमीटरचा आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा तुकडा १२ नॅनोमीटरचा. ५६००जी ही एकाच तुकड्यातली चिप असून तिची घडण लॅपटॉपच्या प्रोसेसरांची आहे. त्या एका तुकड्यात ग्राफिक्सला जागा करून देताना एल३ कॅश ३२ एमबीऐवजी १६ एमबी ठेवली गेली, आणि पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीऐवजी तिसऱ्या पिढीचे राहिले. पेटीवर ठळक अक्षरांत न दिसणाऱ्या या दोन आकड्यांभोवतीच पुढचा सगळा विचार फिरतो.

आधी जीची बाजू. त्यातल्या व्हेगा ग्राफिक्सला सात कंप्यूट युनिट (चित्राचे गणित करणारे भाग) आहेत आणि तेवढ्यावर व्हॅलोरंटसारखा हलका खेळ १०८० पिक्सेलवर व्यवस्थित चालतो, तर जीटीए ५ सेटिंग उतरवून खेळता येतो. सायबरपंक २०७७ सारख्या जड खेळांची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. याउलट ५६०० ला स्वतःचे ग्राफिक्स अजिबात नाही. तो घेऊन ‘ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात पाहू’ म्हटले, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयची जागा दिसते म्हणून डिस्प्ले येईल असे नाही, कारण ती जागा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी असते. पुढे कधी ग्राफिक्स कार्ड बिघडून वॉरंटीसाठी बाहेरगावी पाठवावे लागले, तर ५६०० चा संगणक तोवर बंद आणि जीचा निदान अभ्यासापुरता चालू. परीक्षा तोंडावर असलेल्या घरात हा मुद्दा किरकोळ नव्हे.

पण जीचे ग्राफिक्स फुकट मिळते असेही नाही, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते आणि ते संगणकाच्या रॅमवरच जगते. डीडीआर४ ३२०० रॅमचे एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते आणि दोन चॅनेल मिळून ५१.२ जीबी. तुलनेसाठी, आरएक्स ६६०० या मध्यम कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा हाच आकडा २२४ जीबी आहे. म्हणून जी घेताना ‘आता १६ जीबीची एकच स्टिक टाका, दुसरी नंतर टाकू’ हा एरवी शहाणपणाचा वाटणारा सल्ला पाळला, तर आधीच अरुंद असलेली वाट निम्म्यावर येते आणि खेळ अडखळू लागतात. जीसोबत पहिल्या दिवसापासून ८ जीबीच्या दोन स्टिक लागतात. मदरबोर्डवर रॅमच्या दोनच जागा असतील, तर उद्या ३२ जीबीवर जाताना त्या दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. त्यामुळे पुढे रॅम वाढवणार असाल तर चार जागांचा बोर्ड घ्यावा. ५६०० आणि स्वतंत्र कार्ड अशा जोडीत मात्र काही महिने एका स्टिकवर काढता येतात. थोडा फटका बसतो, पण कार्डाची स्वतःची मेमरी असल्यामुळे तो जीइतका जिव्हारी लागत नाही.

आता ज्या दिवसासाठी हा सारा खटाटोप, म्हणजे कार्ड येण्याचा दिवस. त्या दिवशी जीमधले ग्राफिक्स खेळांपुरते निरुपयोगी होते आणि उरतो तो निम्म्या कॅशचा प्रोसेसर. प्रोसेसरला लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली नाही की ती रॅममधून आणावी लागते, रॅम कित्येक पटींनी संथ असते, आणि खेळांमध्ये ही शोधाशोध सतत चालू असते. कॅशचे खेळांतले वजन किती, हे एएमडीनेच २०२२ मध्ये दाखवून दिले : ५८००एक्स३डी मध्ये एल३ कॅश ९६ एमबीवर नेली, घड्याळाचा वेग ५८००एक्सपेक्षा कमी ठेवला, तरी खेळांत तो पुढे गेला. ५६०० आणि ५६००जी यांना एकच दमदार कार्ड लावले, तर १०८० पिक्सेलवर पडणारे अंतर खेळानुसार कमी-जास्त होते, पण दहा टक्के ओलांडणे अवघड नसते. गमतीचा भाग असा की, जीच्या ग्राफिक्सवर चालतात म्हणून ज्या हलक्या स्पर्धात्मक खेळांचे नाव घेतले जाते, त्यांतच कार्ड आल्यावर फ्रेमचा आकडा प्रोसेसर ठरवतो आणि त्यांतच ही कमी कॅश अधिक जाणवते.

दुसरा आकडा, पीसीआय एक्सप्रेसचा, आणखी फसवा आहे, कारण त्याचा परिणाम कोणते कार्ड घेतले यावर ठरतो. तिसऱ्या पिढीत प्रत्येक लेनमधून (त्या वाटेच्या एकेका पदरातून) सेकंदाला साधारण १ जीबी माहिती जाते, चौथ्या पिढीत साधारण २ जीबी. स्लॉट लांबीला सोळा लेनचा असला, तरी स्वस्त आणि मध्यम कार्डे सोळाच्या सोळा लेन वापरत नाहीत. आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६० आठच लेन वापरतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. हे शेवटचे कार्ड जीला लावले, तर सगळी देवाणघेवाण सेकंदाला ४ जीबीच्या वाटेने होणार, आणि त्यात त्या कार्डाची मेमरी मोजून ४ जीबी. ती भरली की उरलेला माल रॅममधून याच वाटेने आणावा लागतो आणि खेळ धक्के खाऊ लागतो. म्हणजे बजेटवाल्याला परवडेल असे जे कार्ड, तेच बजेटवाल्याच्या प्रोसेसरवर सर्वांत जास्त मार खाते. ६५०० एक्सटी आणि जी ही जोडी मी कोणालाही सुचवणार नाही. आठ लेन आणि ८ जीबी मेमरीच्या कार्डांचे नुकसान बरेच सौम्य असते. जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ५८० सारखी जुनी कार्डे मुळातच तिसऱ्या पिढीची आणि पूर्ण सोळा लेनची असल्यामुळे, सेकंडहँड कार्डच घ्यायचे असेल तर लेनच्या बाबतीत जीचे काही बिघडत नाही.

याच घरातला तिसरा भाऊ रायझन ५ ५५००, आणि त्याच्यापासून विशेष सावध राहायला हवे. त्याच्या नावात जी नाही, त्यात ग्राफिक्स नाही, तो ५६०० बरोबरच एप्रिल २०२२ मध्ये आला आणि क्रमांकात शंभराचाच फरक. त्यामुळे तो ५६०० चा किंचित संथ अवतार वाटतो. प्रत्यक्षात ती जीचीच चिप आहे, ग्राफिक्स बंद करून विकलेली : एल३ कॅश १६ एमबी, पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचे. जीच्या दोन्ही मर्यादा त्यात आहेत आणि जीचा एकमेव लाभ नाही. कोटेशनवर ५६०० च्या जागी ‘थोडा स्वस्त पडतो’ म्हणून ५५०० आला, तर बदलून मागावा. जानेवारी २०२४ मध्ये आलेले ५६००जीटी आणि ५५००जीटी हे जीच्याच कुळातले.

मदरबोर्ड चुकला तर ५६०० चा अर्धा फायदा वाया जातो, हेही लक्षात घ्यावे. ए५२० आणि बी४५० बोर्डांवर कार्डाचा स्लॉट तिसऱ्या पिढीचाच चालतो, मग प्रोसेसर कोणताही असो. चौथी पिढी हवी असेल तर बी५५० घ्यावा. उलट, बी५५० वर जी बसवला तरी स्लॉट तिसऱ्याच पिढीत राहतो, म्हणून ‘बोर्ड नवा आहे, काळजी नको’ या आश्वासनाला अर्थ नाही. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डवरची प्रणाली) अपडेट करूनच तो ताब्यात घ्यावा. बोर्ड कोल्हापुरातून किंवा ऑनलाइन मागवून घरी जोडणार असाल, तर प्रोसेसरशिवाय बायोस भरता येणारे फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड निवडणे सोयीचे पडते.

एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर) काटकसर नेहमी जीच्याच संगणकात होते, कारण त्याला सुरुवातीला वीज फारच थोडी लागते आणि कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएसही खपून जातो. पुढे १३२ वॅटचे आरएक्स ६६०० आले की आठ पिनची वेगळी केबल लागते आणि तो एसएमपीएस टाकून द्यावा लागतो. म्हणून आज जी घेतला तरी ब्राँझ प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा एसएमपीएस आजच घ्यावा. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज ये-जा करते आणि यूपीएस अनिवार्य ठरतो, तिथे आणखी एक हिशोब धरावा : ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते. जीचा संगणक आणि मॉनिटर त्यावर निवांत चालतात. कार्ड लागल्यावर खेळ चालू असताना तो काठावर येतो.

मग कोणी काय घ्यावे? कार्डाचे पैसे आज किंवा दोन-तीन महिन्यांत उभे राहणार असतील, तर ५६०० आणि बी५५०. मधल्या काळापुरते ओळखीच्या कोणाचे जुने कार्ड मागून आणावे, पण तेवढ्यासाठी जीकडे वळू नये. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एखाद्या महाविद्यालयात शिकणारा, आठवडाभर कोडिंग आणि कॅडची ड्रॉइंग करून रविवारी व्हॅलोरंट खेळणारा, आणि कार्ड घेतले तर नोकरी लागल्यावरच घेणारा विद्यार्थी असेल, तर जी हीच त्याची योग्य निवड आहे. तोवर त्याचा सॉकेटही बदललेला असेल. ‘आत्ता जी घ्या, कार्ड नंतर टाका’ हे दुकानदाराचे वाक्य खोटे नसते. त्यातला ‘नंतर’ किती लांबचा आहे, एवढेच गिऱ्हाइकाने ठरवायचे असते.

२०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर ही कोंडी बरीच सुटली आहे, कारण रायझन ५ ७६०० मध्ये दोन कंप्यूट युनिटचे छोटे ग्राफिक्स आहे. त्यावर खेळ खेळता येत नाहीत, पण पडदा लागतो, आणि ३२ एमबी कॅश व सोळा लेन शाबूत राहतात. एएमडीने हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले असल्याने अपग्रेडची वाटही लांब आहे. मात्र त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि सुरुवातीचा खर्च वाढतो. जुनी खोच तिथेही आहेच : ८६००जी मध्ये एल३ कॅश पुन्हा १६ एमबी आणि कार्डासाठी आठच लेन, तर ८५००जी मध्ये चारच.

जोडणी झाल्यावर दुकानातच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सखालच्या सीपीयूच्या पानावर एल३ कॅशचा आकडा पाहावा. ५६०० असेल तर तिथे ३२ एमबी दिसेल. १६ दिसले, तर बिलावर काहीही लिहिलेले असो, आत ५५०० किंवा जीच्या कुळातली चिप आहे, आणि बदलून मागण्याची वेळ कॅबिनेट घरी नेण्याआधीची आहे.