पोटासाठीचे अर्क घेताना चमचा बाजूला ठेवा, डब्यातला स्कूप वापरा

आमच्याकडून ज्येष्ठमध, कॅमोमाइल, कोरफड नाहीतर हळदीचा अर्क घेणारे बहुतेक जण गॅस्ट्रायटिस (जठराच्या अस्तराची सूज), जळजळ, पेनकिलरमुळे बिघडलेलं पोट अशा कारणांसाठीच घेतात आणि या वनस्पती त्यांना आधीपासून माहीत असतात, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगत बसत नाही. पण एक गोष्ट फोनवर, मेसेजवर सारखी सांगावी लागते म्हणून ती इथे नीट लिहितोय, डबा उघडायच्या आधी प्लीज वाचा.

अर्क चूर्णाच्या हिशोबाने घेऊ नका.

होतं काय, की आधी कधीतरी ज्येष्ठमधाचं चूर्ण घेतलेलं असतं, चमचाभर, पाण्याबरोबर, आणि हाताला तीच सवय लागलेली असते. अर्काचा डबा आला की त्यातही तोच चमचा जातो. मग मेसेज येतो की डबा इतक्या लवकर संपला कसा, वजन कमी भरलंय का. वजन बरोबरच असतं. त्याहून काळजीचे मेसेज म्हणजे पाय सुजलेत, डोकं जड वाटतंय, बीपी वाढलंय. असा मेसेज आला की आम्ही सगळ्यात आधी अर्क बंद करायला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगतो, आणि मग विचारतो, स्कूप वापरला होता का? तो बऱ्याचदा सीलबंद पाकिटात तसाच पडलेला असतो.

आता हिशोब बघा. लेबलवर १०:१ लिहिलंय म्हणजे साधारण १० किलो वाळलेल्या मुळांपासून १ किलो अर्क निघालाय. चमच्यात ३ ग्रॅम पावडर आली असं धरलं तर तुम्ही एका वेळी ३० ग्रॅम मूळ पोटात घातलंत, एवढं चूर्ण कोणी घेतं का? ज्येष्ठमधात खरी अडचण त्यातल्या ग्लायसिरायझिन या गोड द्रव्याची आहे. आमच्या साध्या अर्कात ते २० टक्के असतं, म्हणजे त्या ३ ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम झालं, आणि युरोपियन युनियनच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे दिवसभरात १०० मिलिग्रॅम. आमचा स्कूप २५० मिलिग्रॅमचा आहे, सपाट भरायचा, शीग लावून नाही. दिवसातून २ स्कूप झाले की ती मर्यादा भरली. बाकी कुठून ज्येष्ठमध पोटात जात असेल, गोळ्या, काढा, चहा काहीही, तर तेही त्यातच धरायचं.

ग्लायसिरायझिनने एवढं काय होतं? आपल्या किडनीत एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसोल या हार्मोनला निष्क्रिय करतं. ज्येष्ठमध त्याच एन्झाइमला अडवतं, मग कॉर्टिसोल तिथे अल्डोस्टेरॉनसारखं, म्हणजे मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं, शरीरात मीठ आणि पाणी साठतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. पायाची सूज, बीपी, अशक्तपणा, हृदयाच्या ठोक्यांची गडबड हे सगळं त्यातून येतं. हे नवीन नाही, १९४६ मध्ये नेदरलँड्समधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी अल्सरच्या पेशंटना ज्येष्ठमधाचा अर्क दिला तेव्हा पोटाला आराम पडला पण काही जणांना सूज आली अशी नोंद आहे. पुढे १९६० च्या दशकात ज्येष्ठमधापासूनच बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन हे अल्सरचं औषध आलं, त्यालाही हाच त्रास होता. म्हणून नंतर ग्लायसिरायझिन जवळपास काढून टाकलेला अर्क आला, ज्याला डीजीएल म्हणतात. तो आमच्याकडे वेगळ्या रंगाच्या झाकणात मिळतो. ज्यांना बीपी आहे, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे, लघवी जास्त होण्याची गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू आहे, त्यांना आम्ही साधा अर्क देतच नाही, कितीही आग्रह केला तरी. डीजीएलबद्दलही त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. गरोदरपणात तर ज्येष्ठमध नकोच. आणि बाकी कोणीही साधा अर्क सलग ४ ते ६ आठवड्यांच्या पुढे डॉक्टरांना न विचारता चालू ठेवू नये, जर्मनीच्या कमिशन ई या औषधी वनस्पतींवरच्या तज्ज्ञ समितीनेही हीच मुदत घातली आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न, तुमचा कॅमोमाइल ४:१ आणि बाहेर २०:१ मिळतो, मग तुमचा कमजोर नाही का? नाही. तो आकडा फक्त किती कच्चा माल लागला ते सांगतो, त्यातलं कामाचं द्रव्य किती उतरलं ते सांगत नाही. एकच वनस्पती पाण्यात काढली की वेगळं उतरतं, अल्कोहोलमध्ये काढली की वेगळं, आणि वाळवताना माल्टोडेक्स्ट्रिन (भर म्हणून घालायची स्टार्चची पावडर) किती घातलं त्यावरही खूप फरक पडतो. म्हणून आम्ही प्रत्येक डब्यावर तीन गोष्टी छापतो, कशात काढला, भर किती, आणि मुख्य द्रव्य किती टक्के. दुसरीकडून घेतलात तरी हे तीन विचारा, उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

अल्कोहोलमधले थेंब आम्ही पोटासाठी विकत नाही, बरेच जण मागतात कारण घ्यायला सोपे असतात. पण ज्याच्या पोटाचं अस्तर आधीच सुजलंय त्याला त्याच कारणासाठी अल्कोहोल द्यायचं हे आम्हाला पटत नाही. कोरफडीचंही तसंच, आम्ही फक्त आतल्या पारदर्शक गराचा अर्क ठेवतो, सालीलगतचा पिवळा चीक जुलाब लावतो, तो काढून टाकलेला असतो.

आता किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की अस्तरावर म्हणजे आतल्या आवरणावर श्लेष्माचा आणि बायकार्बोनेटचा थर नसता तर अस्तरच जळलं असतं. आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर हा थर टिकवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य कमी करतात आणि त्यामुळे हा थर पातळ पडतो. वनस्पतींच्या अर्कांवर जे अभ्यास झालेत त्यातले खूपसे उंदरांवरचे आहेत, आणि त्यात बऱ्याचदा अर्क आधी देतात, मग अल्कोहोल किंवा इंडोमेथासिन ही पेनकिलर देऊन अस्तराला इजा करतात आणि इजा किती कमी झाली ते मोजतात. म्हणजे तिथे इजा होण्याआधीचं संरक्षण मोजलेलं असतं. जळजळ सुरू झाल्यावर भरभरून घेतलं तर जास्त फायदा होईल असं त्यातून निघत नाही, पण लोक नेमकं तेच करतात आणि चमच्याची चूक इथेच सगळ्यात जास्त होते, त्रास वाढला की हात सैल सुटतो. जेवणाआधी साधारण २० मिनिटं, ठरलेला स्कूप, त्रास असो नसो तेवढाच. डीजीएलची गोळी असेल तर गिळायची नाही, चघळायची.

आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल तर अर्काने ते जात नाही. अल्सर आणि गॅस्ट्रायटिसमागे हा जंतू असतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं, २००५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि त्यावर अँटिबायोटिकचा कोर्सच लागतो. काळी शौच, उलटीत रक्त, गिळायला त्रास, विनाकारण वजन उतरणं यातलं काहीही असेल तर आमच्याकडे ऑर्डर करू नका, आधी डॉक्टर. ती ऑर्डर आम्हाला नको आहे.

बाकी थोडक्यात. मार्शमॅलो रूट (एका वनस्पतीचं मूळ) आणि स्लिपरी एल्म (एका झाडाची साल) बुळबुळीत असतात, त्यांच्यामुळे दुसरी औषधं नीट शोषली जात नाहीत, म्हणून मध्ये २ तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळद आणि कॅमोमाइल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पित्ताशयात खडे असतील तर हळद नको. डब्यात गुठळ्या झाल्या म्हणजे माल खराब झाला असं नाही, अर्क हवेतलं पाणी ओढतो, ओला स्कूप घातला किंवा वाफेजवळ डबा उघडा ठेवला की दगड होतो, पण दगड झालेल्या अर्काचं माप चुकतं म्हणून तो वापरू नका, आम्हाला फोटो पाठवा.

स्कूप हरवला तर अंदाजाने घेऊ नका, कळवा, आम्ही दुसरा फुकट पाठवतो, तोपर्यंत १० मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असेल तर त्यावर मोजा, नसेल तर ते दोनचार दिवस बंद ठेवा. पहिल्यांदा घेत असाल तर छोटा डबा मागवा, आणि ऑर्डरमध्ये चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहा, नावं नसतील तर आम्ही आधी फोन करतो आणि मगच पार्सल पाठवतो.