बाजरीची भूक, तुरीच्या गाठी

दादर-पार्ल्याच्या दुकानांत 'सेंद्रिय' लिहिलेली तूरडाळ आपण भाव बघून घेतो. पण युरियाची एकही गोणी न फोडता त्या शेताला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळालं कुठून, हे विचारायला हवं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी पिकांना तो तसाच घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मार्टिनुस बेयरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली हे जिवाणू वेगळे काढले. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत मूग किंवा चवळी असेल, तर फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मातीसकट हलकेच काढा, मुळं धुवा आणि एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं की समजा, काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. हे प्रथिन तो बेताबेताने पुरवतं. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली, तर तिचं काम संपलेलं असतं.

तूर बऱ्याचदा बाजरीसोबत एकाच शेतात लावतात, आणि कडधान्य शेजारच्या बाजरीला थेट नत्र पुरवतं, असा समज आहे. त्याच हंगामात ते फार थोडं घडतं. जास्त महत्त्वाचं काम उलट दिशेने होतं. बाजरी-ज्वारीची मुळं मातीतलं नायट्रेट, म्हणजे पिकांना थेट घेता येणारं नत्राचं रूप, झपाट्याने उचलतात. आयतं नायट्रेट मिळत असेल तर तूर गाठींवर शक्ती घालवत नाही. ते कमी पडलं की तिला हवेतलं नत्र बांधावंच लागतं. बाजरीची भूकच तिला कामाला लावते! भरमसाट युरिया ओतलेल्या शेतात म्हणूनच या जोडीचा हा फायदा उरत नाही. तुरीची पानगळ आणि मुळं कुजली, की त्यातलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं.

आपल्याकडे बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतात. तूर सुरुवातीला संथ वाढते, तोवर बाजरी तीनेक महिन्यांत निघूनही जाते. मग तुरीला मोकळी जागा मिळते आणि तिचं सोटमूळ खोलवरच्या ओलीवर तग धरतं. कष्ट मात्र आहेत. तूर उभी असताना हार्वेस्टर घालता येत नाही. बाजरीची कणसं तुरीला धक्का न लावता हाताने खुडावी लागतात, आणि मजुरी तिथेच वाढते.