गृहकर्ज थकलं, दारावर बँकेची नोटीस लागली: ४५ दिवस कुठून मोजायचे?

घर हातून जाण्याआधी कर्जदाराला आपली बाजू मांडायच्या दोन संधी कायद्यानेच दिल्या आहेत. सोलापुरात अनेकांच्या दोन्ही हुकतात, आणि पैसे नसण्यापेक्षा तारीख चुकीची मोजल्यामुळे जास्त हुकतात.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात अनुत्पादक (थकीत) कर्ज, होतं. मग कोर्टात न जाता तारण घरावरून वसुली करू देणारा जो सरफेसी कायदा, २००२, त्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस येते. लोक तिच्यातला आकडा बघून घाबरतात आणि नोटीस कपाटात टाकतात. पण याच मुदतीत लेखी हरकत घेता येते, आणि ती मान्य नसेल तर बँकेने १५ दिवसांत कारणं कळवायची असतात. भरलेला हप्ता जमा दाखवलेला नाही, व्याज जास्त लावलंय, किंवा मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम राहिली आहे (अशा कर्जाला हा कायदाच लागत नाही), असं जे असेल ते आकड्यांसह लिहा. ‘आमची परिस्थिती बिकट आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज म्हणजे विनंती झाली, हरकत नव्हे.

नोटीस आल्यावर बँकेच्या संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पुतण्याच्या नावावर करून टाकू, हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका.

आता सगळ्यात अडतं ते इथे. जुळे सोलापुरातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. दारावर ताबा नोटीस चिकटवलेली, एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात तीच छापून आलेली, पण कुलूप घरमालकाचंच आणि आत माणसं राहताहेत. याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात. घरच्यांना वाटतं, अजून कुठे कोण आलंय? पण कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जाण्याची ४५ दिवसांची मुदत याच कारवाईपासून धावू लागते. पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष ताबा घ्यायला येतील त्या दिवसापासून नव्हे. प्रतीकात्मक ताब्याविरुद्धही अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून दारावरच्या नोटिशीचा त्याच दिवशी फोटो काढा आणि पेपरातलं कात्रण तारखेसकट ठेवा.

सोलापूरकरांसाठी डीआरटी पुण्यात आहे. कर्ज १० लाखांच्या आत असेल तर फी दर लाखाला ५०० रुपये. १० लाख किंवा जास्त असेल तर ५,००० रुपये, अधिक १० लाखांपुढच्या दर लाखाला २५० रुपये. नुसता अर्ज दाखल केला म्हणून कारवाई थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

कर्ज करार, मंजुरीपत्र, दोन्ही नोटिसा, ओळखपत्र ही कागदपत्रं बहुतेकांकडे असतात. नसते ती हरकतीची पोच. शाखेतले साहेब ‘बघतो’ म्हणाले, हा पुरावा होत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. नोटिशीचं पाकीटही फेकू नका, पोस्टाची तारीख त्यावरच असते. आणि सुरुवातीपासूनचा पूर्ण खातेउतारा आधीच लेखी मागून ठेवा, तो हाताशी नसेल तर चूक दाखवणार कशावरून?

कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन रांग लावणाऱ्यांची दया येते. कलम १४ खाली जिल्हाधिकारी बँकेला ताबा मिळवून देतात. तुमचा वाद ऐकायचा अधिकार त्यांना नाही. हे तिथल्या खिडकीवर कोणी सांगत नाही, अर्ज मात्र घेतात. दिवाणी कोर्टाचं दारही कलम ३४ ने बंद आहे. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही हे खरं, पण सातबारावर शेती लिहिलंय एवढ्याने भागत नाही, जमीन प्रत्यक्ष कसली जाते हे दाखवावं लागतं. वन टाइम सेटलमेंट, म्हणजे ठरलेली रक्कम एकदम भरून तडजोड, जरूर मागा, मात्र तो तुमचा हक्क नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला. पतसंस्थेची गोष्ट निराळी. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला निघतो आणि त्याविरुद्धच्या फेरतपासणी अर्जाला आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. उपनिबंधकांची सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहून म्हणणं द्या. गैरहजर राहणाऱ्याचं म्हणणं नंतर ऐकायला हा निम्मा भरणा लागतो.

सरफेसीत थकबाकी आणि खर्च भरून घर हक्काने सोडवण्याची मुदत लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. २०१६ पूर्वी ती विक्रीच्या तारखेपर्यंत होती, आणि जुने जाणकार अजून तेच सांगत फिरतात. लिलाव झालाच, तर थकबाकी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते. विक्रीचा हिशेब बँकेकडे लेखी मागा, आणि त्याचीही पोच घ्या.