दूरमापनासाठी स्पेक्ट्रमची काटकसर

उडत्या रॉकेटमधील, क्षेपणास्त्रातील किंवा विमानातील दाब, तापमान, कंपने अशी मापे रेडिओ लहरींवरून त्याच क्षणी जमिनीवरच्या केंद्राकडे पाठवणे म्हणजे दूरमापन, म्हणजेच टेलिमेट्री. चाचणीतले रॉकेट सहसा शाबूत परत मिळत नाही. काय बिघडले याचा छडा लावायला पुष्कळदा एवढाच पुरावा उरतो. त्यासाठी मिळणारा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ वारंवारतांचा पट्टा, मात्र मोजका असतो.

पुण्याला हा विषय परका नाही. पिनाक रॉकेट पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केले. त्याच्या चाचण्या पोखरण आणि चांदीपूर येथे झाल्या. मारा कुठेही होवो, काय मोजायचे आणि सेकंदाला किती वेळा, हे आधी आखणीतच ठरवावे लागते. स्पेक्ट्रमची पहिली आणि सर्वांत स्वस्त बचत तिथेच होते. कंपनांचा २,००० हर्ट्झपर्यंतचा तपशील हवा असेल आणि त्याच्या पाचपट वेगाने नमुने घेतले, तर सेकंदाला १०,००० नमुने होतात. नमुना १६ बिटांचा धरल्यास त्या एका संवेदकाला सेकंदाला १,६०,००० बिट लागतात. सावकाश बदलणाऱ्या तापमानाला सेकंदाला १० नमुने, म्हणजे १६० बिट पुरतात. फरक हजारपटीचा! म्हणून संदेशाच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा पाठवल्या जाणाऱ्या ठरावीक साच्यात, वेगवान संवेदकाला अनेक जागा देतात, तर संथ संवेदक एकाच जागेवर आळीपाळीने बसवतात. नव्या तंत्रांच्या चर्चेत हे साधे काम मागे पडते, आणि ते बरोबर नाही.

दुसरी बचत विरूपणाच्या (मॉड्युलेशनच्या), म्हणजे माहिती रेडिओ लहरीवर चढवण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकी चाचणी क्षेत्रांनी ठरवलेल्या आयरिग १०६ या मानकात तीन पद्धती प्रमुख आहेत. पीसीएम-एफएम या जुन्या पद्धतीत ९९ टक्के शक्ती सामावणारी पट्ट्याची रुंदी बिटवेगाच्या (सेकंदाला जाणाऱ्या बिटांच्या) १.१६ पट असते, एसओक्यूपीएसके-टीजीमध्ये ०.७८ पट, तर एआरटीएम-सीपीएममध्ये ०.५६ पट. सेकंदाला ५ मेगाबिट पाठवायचे असतील, तर अनुक्रमे ५.८, ३.९ आणि २.८ मेगाहर्ट्झ लागतात. तिन्हींत लहरीची उंची कायम राहते. त्यामुळे प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) पूर्ण जोरावर चालवता येतो आणि बॅटरीवर भागवणाऱ्या रॉकेटला ते सोयीचे पडते. मग सगळीकडे तिसरीच पद्धत का नाही? तिचा ग्राहक (रिसीव्हर) गुंतागुंतीचा असतो, आणि जमिनीवरून परावर्तित झालेल्या लहरींनी संदेश विस्कटला की ती अधिक अडखळते. जुनी पद्धत रुंद असली तरी चिवट आहे. संदेश क्षणभर तुटला तरी ती चटकन सावरते. काही सेकंदांच्या उड्डाणात असे सावरणे निम्म्या रुंदीहून मोलाचे ठरू शकते.

एकच वारंवारता दोन ठिकाणी वापरण्यालाही मर्यादा आहे. १० किलोमीटर उंचीवरील विमानाचे रेडिओ क्षितिज, म्हणजे त्याच्या लहरी थेट पोचण्याची हद्द, सुमारे ४१० किलोमीटरवर असते. पुण्यावर तेवढ्या उंचीवर उडणाऱ्या विमानाच्या टप्प्यात नाशिकजवळचे ओझर, बेळगाव आणि पणजीही येतात. एकाच वेळी उड्डाणे असतील, तर वारंवारता किंवा वेळ वाटून घ्यावी लागते. एकाच दिशेला रोखलेल्या तबकडी अँटेनामुळे थोडी सवलत मिळते, तेवढीच.

शेजारही दाटला आहे. अमेरिकी चाचण्यांत रुळलेला एक पट्टा २,२०० ते २,२९० मेगाहर्ट्झचा; त्याच्या लगतचा २,३०० मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०१० साली ब्रॉडबँडसाठी लिलावात गेला आणि पुढे फोर-जीला आला. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ५,०९१ ते ५,१५० मेगाहर्ट्झ विमानांच्या दूरमापनाला खुले केले. तिथे तेवढ्याच तबकडीचा झोत अधिक अरुंद होतो, त्यामुळे वेगवान लक्ष्याचा माग धरणे कठीण जाते.

पुणे जिल्ह्यातच खोडदला जीएमआरटी ही अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी टिपणारी ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातील हायड्रोजनची १,४२० मेगाहर्ट्झची रेषा, म्हणजे त्याच्या लहरींची ठरावीक वारंवारता, ज्यात येते, त्या १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कोणत्याही रेडिओ लहरी सोडणे निषिद्ध आहे, आणि अमेरिकेतील दूरमापनाचा आणखी एक पट्टा १,४३५ पासून सुरू होतो. मधे अंतर जेमतेम ८ मेगाहर्ट्झ. त्यामुळे ९९ टक्के शक्ती कुठे मावते एवढे पाहून भागत नाही. उरलेली एक टक्का कडेला किती सांडते, यावरही मानकात मर्यादा घातलेली आहे.