सांख्यिकी उदाहरणे सोडवण्याच्या रीती

सांख्यिकीचे उदाहरण विद्यार्थी कसे वाचतो, कोणती पद्धत निवडतो आणि आलेले उत्तर कसे पारखतो, हा शिक्षणशास्त्रातील अभ्यासविषय. ‘हुशार’ व ‘कच्चा’ हे शब्द येथे सोयीपुरते घेतले आहेत. ते मुलांचे नसून रीतींचे भेद समजावेत.

या अभ्यासाचा आरंभ बहुधा गणितज्ञ जॉर्ज पॉल्या यांच्या १९४५ मधील विवेचनापासून धरतात. उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे व केलेले काम पुन्हा पारखणे असे चार टप्पे त्यांनी सांगितले; परंतु ते एकंदर गणिताला उद्देशून होते. मिशेलिन ची, फेल्टोविच व ग्लेझर या संशोधकांनी १९८१ मध्ये भौतिकीच्या उदाहरणांबाबत दाखवले, की नवखे वरवरच्या खुणांवरून वर्गवारी करतात, तर जाणकार तत्त्वावरून. सांख्यिकीला क्विलिची व मेयर यांचे १९९६ चे प्रयोग अधिक जवळचे आहेत. उदाहरणांची रचना ठळक होईल असे नमुने दिल्यावर विद्यार्थी रचनेनुसार वर्गवारी करू लागले. त्यामुळे हा फरक उपजत मानण्यापेक्षा शिकवण्याने बदलणारा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ग्रामीण विदर्भातील वर्गात वरवरची खूण म्हणजे अनेकदा पीक. कच्च्या रीतीत ‘कापसाचे गणित’ आणि ‘तुरीचे गणित’ वेगळी वाटतात; हुशार रीतीत दोन्ही वर्गीकृत सामग्रीच्या (गटांत मांडलेल्या आकड्यांच्या) मध्यकाची, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीची, असू शकतात.

मध्यकाचे उदाहरण येथे सविस्तर पाहण्याजोगे आहे. समजा, ५० शेतकऱ्यांचे एकरी कापूस उत्पादन क्विंटलमध्ये दिले आहे: ०–२ मध्ये ४ शेतकरी, २–४ मध्ये १४, ४–६ मध्ये १८, ६–८ मध्ये १०, ८–१० मध्ये ४. एकूण वारंवारतेचा (येथे शेतकऱ्यांच्या संख्येचा) निम्मा भाग २५, म्हणून मध्यकवर्ग ४–६. आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे तेथपर्यंतची बेरीज, १८ घेतली आणि मध्यकवर्गाची स्वतःची वारंवारता १८ व वर्गाची रुंदी २ धरली, की मध्यक = ४ + (२५ − १८) ÷ १८ × २ = सुमारे ४.७८. घाईत मध्यकवर्गाचीच संचित वारंवारता ३६ घातली, तर उत्तर सुमारे २.७८ येते. ते मध्यकवर्गातच बसत नाही. हुशार रीतीचा विद्यार्थी येथे थांबतो. कच्च्या रीतीचा त्याखाली दोन रेघा ओढून पुढच्या प्रश्नाला लागतो. बेरीज-भागाकार दोघांचेही अचूक असू शकतात, हे शिक्षकाने विशेष ध्यानात घ्यावे. वर्ग ०–९, १०–१९ असे असतील तर ते आधी सलग करावे लागतात. तेथेही १० ऐवजी ९.५ ही खालची सीमा घ्यायची राहून जाते.

मध्य (सरासरी) व बहुलक (सर्वाधिक वेळा येणारी किंमत) यांच्या उदाहरणांनाही हीच पारख लागू पडते. गृहीतमध्य (आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आधी धरलेली किंमत) कोणताही घेतला तरी मध्य बदलत नाही, हे दोन वेगळे गृहीतमध्य घेऊन स्वतः ताडून पाहिलेल्या मुलाला सूत्र विसरण्याची धास्ती कमी राहते.

सरासरी कशाची, हा प्रश्न वर्गाबाहेरही उरतो. महसूल मंडळात (तालुक्याच्या एका महसुली भागात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी धरतात. तालुक्याची सरासरी ४० आली, तरी त्यातल्या एखाद्या मंडळात ९० मिलिमीटर पडलेला असू शकतो.